ताल आणि दालन

चामड्यावर थाप पडते आणि नाद उमटतो, एवढ्यावर तालवाद्याची कथा संपत नाही. तो नाद वाद्यातून निघून भिंतींवर, भुईवर, छतावर आणि समोर बसलेल्या माणसांच्या अंगावर जातो, तेथून परततो आणि मूळ नादात मिसळून कानी येतो. श्रोता जो ठेका ऐकतो तो वादकाच्या बोटांनी घडविलेला असतो, तसाच तो वाजविला गेला त्या जागेनेही घडविलेला असतो. आपल्या पूर्वजांना हे चांगले ठाऊक होते. म्हणूनच नगारखाना दरवाजावर उंच बांधला गेला, आणि चौघड्याचा आवाज तटाबाहेरच्या वस्तीपर्यंत पोहोचला. रायगडावरच्या दरबाराच्या जागी हळू उच्चारलेला शब्द दूरच्या नगारखान्यापाशी ऐकू येतो, हे तेथे जाणाऱ्याला आजही मुद्दाम दाखविले जाते. कीर्तनातला पखवाज लाकडी सभामंडपात एका तऱ्हेने बोलतो, दगडी मंडपात दुसऱ्या तऱ्हेने. एकच वादक, एकच वाद्य, तेच बोल. तरी दोन ठिकाणचा ताल एक नसतो.

ध्वनी साठवून ठेवण्याची विद्या माणसाच्या हाती आली तेव्हा या साध्या गोष्टीतून एक अवघड प्रश्न उभा राहिला. तालवाद्य मुद्रित करायचे म्हणजे नेमके काय मुद्रित करायचे? केवळ थाप, की थापेबरोबर तिचे दालनही? आणि दालन घ्यायचे तर किती घ्यायचे? गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली गेली. ती वरकरणी यंत्रज्ञांची उत्तरे होती. प्रत्यक्षात मात्र वादकाला कोठे बसवावे, त्याचा आवाज किती ऐकू द्यावा आणि पुढच्या पिढीच्या कानांसाठी त्याचे काय शिल्लक ठेवावे, याचा निवाडा त्या उत्तरांतून होत गेला.

ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यात आले आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या मेणाच्या तबकड्या छापण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात. कलकत्त्यातील सियालदा येथे कारखाना निघाला तो १९०८ साली. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. होता तो कर्णा. गायकाने कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गायचे, त्या आवाजाच्या दाबाने कर्ण्याच्या निमुळत्या टोकाचा पडदा हलायचा आणि पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणात रेघ कोरायची. विजेचा यात कोठेही संबंध नव्हता. आवाज लहानमोठा करण्याचे साधन एकच होते, आणि ते म्हणजे अंतर. ज्याला पुढे आणायचे त्याने कर्ण्याजवळ यावे, ज्याला मागे ठेवायचे त्याने दूर बसावे. अर्थातच गायक पुढे आला आणि तबलजी मागे गेला. मैफलीत ज्याच्या हाताकडे श्रोत्यांचे डोळे लागलेले असत तो तबकडीत कोपऱ्यातला माणूस झाला. तबकडीवरच्या कागदी चकतीवरही साथीदाराचे नाव सहसा छापले जात नसे.

याहून मोठे नुकसान मात्र ऐकण्याचे होते. कर्ण्यातून साधारणपणे दर सेकंदाला दोनशे ते अडीच हजार कंपनांच्या टप्प्यातील आवाज उतरत असे. त्याच्या खालचे आणि वरचे बहुतेक सारे निसटून जाई. आता तबल्याचा विचार करावा. उजव्या हाताचा तबला गायकाच्या षड्जात लावलेला असतो, त्यामुळे तो या टप्प्यात कसाबसा येतो. डाव्या हाताच्या डग्ग्याचा मूळ स्वर मात्र दर सेकंदाला शंभर कंपनांच्या आसपास असतो, म्हणजे कर्ण्याच्या आवाक्याच्या पुष्कळ खाली. तबकडीत डग्ग्याची टकटक राहिली, घुमारा गेला. आपल्या तालपद्धतीत खाली आणि भरी यांचा भेद प्रामुख्याने डग्ग्याच्या घुमाऱ्यावर अवलंबून आहे. ‘धा’ आणि ‘धिं’ यांत डग्गा बोलतो. ‘ता’ आणि ‘तिं’ यांत तो मिटतो. घुमाराच नसेल तर ‘धा’ आणि ‘ता’ एकमेकांसारखे ऐकू येऊ लागतात. त्रितालाचा श्रोता नवव्या मात्रेला खाली आली हे एरवी अंगानेच ओळखतो. कर्ण्याच्या तबकडीत ही ओळख अंधुक झाली. मात्रा मोजता येत होत्या, पण आवर्तनाचा चढउतार जाणवत नव्हता.

पश्चिमेकडील वादकांचीही तीच अडचण होती. मोठ्या ढोलाच्या धक्क्याने सुई उडे, म्हणून जॅझ वाद्यवृंदांच्या आरंभीच्या मुद्रणांत ढोल पुष्कळदा बाजूलाच राही आणि वादक लाकडी ठोकळ्यांवर ताल धरी. पुढे अनेकांनी त्या संगीताचा ठेका तबकड्यांवरून शिकला तेव्हा यंत्राची मर्यादा हीच शैली आहे असा समज होणे स्वाभाविक होते. साठवलेला आवाज हा असा दुहेरी परिणाम करतो. तो एका काळाची साक्ष देतो आणि पुढच्या काळाला वळणही लावतो.

याच सुमारास तबल्याच्या नादाचे शास्त्रीय रहस्य उलगडले जात होते. कलकत्त्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह भारतीय तालवाद्यांचा अभ्यास करून १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ताणलेल्या साध्या चामड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी पूर्णांकाच्या प्रमाणात नसतात; म्हणूनच साध्या ढोलाला निश्चित स्वर नसतो. तबला आणि मृदंग यांच्या पुडीवर शाई बसवली की तिच्या वजनामुळे हे उपस्वर एक, दोन, तीन, चार, पाच अशा प्रमाणात येऊन बसतात आणि चामडे तारेसारखे सुरेल होते. ज्या अज्ञात कारागिरांनी शाईचे थर घोटून घोटून हे साधले, त्यांच्या कानांना रामन यांनी गणिताची पावती दिली.

ध्वनिमुद्रकाच्या दृष्टीने या संशोधनाचा एक महत्त्वाचा अर्थ निघतो. चाट, मैदान आणि शाई या तीन जागांवरून निघणारे नाद वेगवेगळे असतात, आणि वाद्यापासून ते सारखेच पसरत नाहीत. चाटेवरच्या ‘ना’मधील तीक्ष्ण उपस्वर ठराविक दिशेने जातात आणि पडद्यांत, गालिच्यांत, कपड्यांत विरून जातात. डग्ग्याचा खर्ज चहूकडे सारखा पसरतो आणि पडद्यांना फारसा जुमानत नाही. यामुळे जवळून ऐकलेला तबला रेखीव आणि कोरडा वाटतो, तर दुरून ऐकलेला भरीव पण धूसर वाटतो. दालनातून परत येणारा तबला हा मुख्यतः डग्ग्याचा तबला असतो. कोणी कोठून ऐकले यावर वाद्याचे रूप ठरते, ते असे.

मायक्रोफोन आणि विजेच्या साहाय्याने तबकड्या मुद्रित करण्याची पद्धत पश्चिमेत १९२५ साली रूढ झाली आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती भारतातही स्थिरावली. कर्णा गेला आणि खालच्या स्वरांचे दार उघडले. मिरजेत वास्तव्य केलेले अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या या दृष्टीने ऐकण्यासारख्या आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांचे गाणे कर्ण्यातून मुद्रित झाले, आणि १९३७ साली निधन होण्यापूर्वीच्या अखेरच्या वर्षांत ते मायक्रोफोनपुढे गायले. गायक एकच. पहिल्या मुद्रणांत आवाज जणू नळीतून येतो. दुसऱ्यांत गळ्याभोवती हवा आहे, तंबोऱ्याचे गुंजन आहे आणि मागे मृदू, पण स्पष्ट असा ठेका आहे. गायकाला ओरडावे लागत नाही, तबलजीला दूर पळावे लागत नाही, आणि दोघांमधले अंतर पुन्हा मैफलीतल्यासारखे होते.

मराठी रंगभूमीला हे अंतर नवे नव्हते. संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या पुढ्यातच असत. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्याला बसत, तेव्हा पदाच्या अखेरीस त्यांच्या लग्गीला प्रेक्षकांची दाद मिळे. नाट्यगृहातील हजार कानांनी हा तबला दालनासह ऐकला होता. थिरकवांच्या एकलवादनाच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही पुढे निघाल्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे, पण तेवढ्या वेळात तबलजी साथीदार नसून स्वतः कलावंत होता. कर्ण्याने कोपऱ्यात ढकललेला माणूस मायक्रोफोनमुळे मध्यभागी येऊ शकला.

नभोवाणीने मात्र दालनाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, आणि १९३६ साली या सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. नभोवाणीचे पहिले काम शब्द स्पष्ट पोहोचविणे हे होते. लहान ग्राहकयंत्रातून आणि वातावरणाच्या खरखरीतून जो आवाज घरोघर जायचा, त्यात दालनाचा निनाद मिसळला तर बातमीही कळेनाशी होई. म्हणून स्टुडिओच्या भिंतींना छिद्रांचे तक्ते लागले, जाड पडदे आले, जमिनीवर गालिचे आले. यामागचे शास्त्र अमेरिकेतील वॉलेस सबाइन यांनी घालून दिले होते. हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळत. त्याचा बंदोबस्त करण्याचे काम १८९५ साली त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री आणून मांडल्या आणि निनाद किती काळ टिकतो हे मोजले. दालनाचा आकार वाढला की निनाद लांबतो आणि नाद शोषून घेणारी साधने वाढली की तो आखडतो, हा नियम त्यातून निघाला. गाद्यांच्या साहाय्याने मोजलेले हे गणित पुढे जगातील प्रत्येक स्टुडिओचा पाया ठरले.

या कोरड्या स्टुडिओचे तबल्यावर उपकारही झाले. जलद रेल्यात एका सेकंदात दहा बोल सहज निघतात. दालनाचा निनाद विरायला एक सेकंद लागत असेल तर प्रत्येक बोल नऊ-दहा बोलांच्या सावलीत उमटतो आणि रेल्याचा चिखल होतो. कोरड्या स्टुडिओत प्रत्येक बोल मण्यासारखा वेगळा दिसतो. अभ्यासकाला याहून चांगली पाटी मिळणार नाही. परंतु मणी वेगळे दिसले म्हणजे माळ दिसलीच असे नाही. डग्ग्याची मींड हवेत तरंगावी, समेवरच्या ‘धा’नंतर क्षणभर जागा भारलेली राहावी, हे या स्टुडिओत घडेना. १९५४ पासून आकाशवाणीने निमंत्रित श्रोत्यांसमोर संगीत संमेलने भरवली. त्यांच्या मुद्रणांत समेवरची दाद, सभागृहाचा अवकाश आणि त्या अवकाशात फुलणारा ठेका हे सारे आहे. एकाच संस्थेच्या संग्रहात कोरडा तबला आणि सभागृहातला तबला असे दोन्ही राहिले, हे संगीताच्या इतिहासाचे भाग्यच म्हणावे लागेल.

बोलपटाच्या सृष्टीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला. ‘आलम आरा’ १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकला आणि पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. त्याचे ध्वनिमुद्रण विष्णुपंत दामले यांनी केले होते. मूकपटाच्या काळात यंत्रे आणि देखावे घडवणाऱ्या या कसबी माणसाने ध्वनीची विद्याही आत्मसात केली. त्या आरंभीच्या काळात नट चित्रणाच्या वेळीच गात. मायक्रोफोन कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर टांगलेला, आणि पेटी-तबला कोठे तरी आडोशाला. गाणे चालू असता नट चालू लागला की मायक्रोफोनपासूनचे त्याचे अंतर बदले आणि साथीचा तोलही ढळे. तबलजी किती हात दूर बसवावा हे ठरविणे म्हणजेच तेव्हाचे ध्वनिमिश्रण होय. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायनाची पद्धत आणली आणि गाणे देखाव्यापासून सुटले. आता गाण्याला स्वतःचे दालन मिळाले.

पुढच्या तीस वर्षांत मुंबईच्या ताडदेव, महालक्ष्मी, परळ आणि वांद्रे या भागांतील मुद्रणगृहांत मोठमोठे वाद्यवृंद एकाच वेळी वाजत. व्हायोलिने एका बाजूस, गायिका वेगळ्या कोपऱ्यात, आणि तबला-ढोलकीची मंडळी पडद्यांआड किंवा काचेच्या खोलीत. सारे एकाच वेळी, एकाच पट्टीवर उतरायचे. चूक झाली तर सर्वांनी पुन्हा आरंभ करायचा. तालवाद्यांना आडोसा देण्याचे कारण उघड होते. ढोलकीची थाप गायिकेच्या मायक्रोफोनमध्ये शिरली तर ती नंतर कोणालाच वेगळी काढता येत नसे. पण थोडीशी गळती राहतच असे, आणि आज त्या गाण्यांत जो जिवंतपणा वाटतो त्यात या गळतीचा वाटा मोठा आहे. ढोलकी तिच्या मायक्रोफोनमधून जवळची आणि दहा-पंधरा हातांवरच्या व्हायोलिनांच्या मायक्रोफोनमधून दूरची, अशी दोनदा ऐकू येई. दालनाचा मायक्रोफोन मुद्दाम कोणी मांडला नव्हता. इतरांचे मायक्रोफोनच त्याचे काम करीत होते. १९७५ च्या ‘शोले’मध्ये टांग्याच्या पाठलागाला सामता प्रसाद यांच्या तबल्याची जोड आहे. त्या चित्रपटाचे अंतिम ध्वनिमिश्रण राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांनी केले. टापा, चाके आणि तबला यांतले एकही दुसऱ्याला झाकत नाही. अंतराची जाण कानात मुरलेली असल्याशिवाय हे साधत नाही.

अनेक पट्ट्यांवर वेगवेगळे मुद्रण करण्याची सोय झाली तशी ही गळती हद्दपार झाली. प्रत्येक वाद्याच्या तोंडाशी स्वतंत्र मायक्रोफोन आला. लंडनमध्ये १९६६ साली जेफ एमरिक या तरुण ध्वनिमुद्रकाने बीटल्सच्या मोठ्या ढोलात लोकरी स्वेटर कोंबून मायक्रोफोन नेहमीच्या शिस्तीपेक्षा खूपच जवळ नेला, आणि जगाला जवळच्या ढोलाची चटक लागली. चार-पाच वर्षांतच त्याची उलट प्रतिक्रिया उमटली. इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात हेडली ग्रेंज नावाची, एके काळी निराधारांसाठी बांधलेली इमारत आहे. लेड झेपेलिन या वाद्यवृंदाचे ढोल तेथे उंच जिन्याच्या तळाशी मांडण्यात आले, आणि अँडी जॉन्स यांनी दोन मायक्रोफोन जिन्याच्या वरच्या कठड्यावरून खाली सोडले. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मुद्रणात ढोल कमी आणि जिना अधिक ऐकू येतो, आणि त्यामुळेच तो ढोल अवाढव्य वाटतो.

येथे दूरच्या मायक्रोफोनवर यंत्राचा जो संस्कार झाला तो समजून घेण्यासारखा आहे. कॉम्प्रेसर हे यंत्र मोठ्या आवाजाला दाबते. थाप पडताच ते तिचे शिखर खाली आणते, आणि थाप सरताच आपला दाब काढून घेते. मग दोन्ही मिळून आवाज वाढवला की शिखराच्या मागची शेपटी, म्हणजे दालनाचा निनाद, उसळून वर येते. जागा जणू श्वास घेऊ लागते. १९७९ च्या सुमारास लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ह्यू पॅजॅम यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. वादकाशी बोलण्यासाठी छताला टांगलेल्या मायक्रोफोनवर असा जबर दाब होता. फिल कॉलिन्स यांचा ढोल त्यातून ऐकू आला तेव्हा तो प्रचंड वाटला. त्या प्रचंड निनादाला गेट नावाच्या यंत्राने मध्येच कापले. दालन उघडते आणि दार धाडकन बंद होते, असा तो परिणाम होता; निसर्गातील कोणत्याही दालनात असे घडत नाही. पुढची दहा वर्षे जगभरच्या लोकप्रिय गीतांत हा आवाज घुमत राहिला.

हा सारा अनुभव आता तबला-ढोलकीच्या मुद्रणात उपयोगी पडतो, पण जसाच्या तसा नव्हे. जवळच्या मायक्रोफोनला बोलांचे रेखाटन करू द्यावे आणि दूरच्याने त्याला भूमी द्यावी, अशी ही विभागणी आहे. किती दूर, याला गणित आहे. सात मीटर लांब, पाच मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच आणि अर्ध्या सेकंदाचा निनाद असलेल्या खोलीत वाद्यापासून सुमारे नव्वद सेंटीमीटरवर थेट आवाज आणि परतलेला आवाज समान होतात. त्यापलीकडे खोलीचे राज्य सुरू होते. दूरचा मायक्रोफोन कोपऱ्यात ठेवला तर डग्ग्याचा खर्ज तेथे साचतो, आणि अगदी मध्यभागी ठेवला तर काही खर्ज नाहीसाच होतो. वादकाला वाजवत ठेवून खोलीत सावकाश फिरावे आणि कानाला जेथे डग्गा आणि चाट यांचा समतोल मिळेल तेथे थांबावे, हा जुना मार्ग आजही सर्वांत विश्वासाचा आहे. दोन्ही बाजूंनी ऐकणारा आणि कडेने बहिरा असणारा मायक्रोफोन घेऊन त्याची बहिरी बाजू वाद्याकडे करावी, म्हणजे थेट थाप टळते आणि केवळ भिंतींचे बोल हाती लागतात.

ध्वनीला एक मीटर जाण्यास जवळजवळ तीन सहस्रांश सेकंद लागतात. म्हणून चार मीटरवरच्या मायक्रोफोनमध्ये थाप बारा सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचते. हा उशीर कान वेगळा मोजत नाही. त्याला त्यातून जागेचे मोठेपण कळते. दोन्ही मुद्रणे एकत्र केल्यावर खर्ज पातळ झाला तर एकाच्या लहरींची दिशा उलटून पाहावी लागते, कारण एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर पडला की दोघे मिळून एकमेकांना खातात. दूरच्या मुद्रणातील अगदी खालचे घुमणे थोडे छाटावे लागते. कॉम्प्रेसर हलक्या हाताने वापरावा लागतो, कारण तो निनादाबरोबर तंबोरा, गायकाचा श्वास आणि बैठकीची सळसळही वर आणतो. विलंबित ठेक्यात दालन मोकळे सोडता येते. रेल्यात ते आवरावे लागते. चौघड्याला, ताशाला, हलगीला जे दालन शोभते ते तबल्याला गिळून टाकते.

आता एक प्रश्न उरतो. ज्या वाद्यांना भिंतीच नाहीत त्यांचे दालन कोणते? महाराष्ट्राच्या पूर्वेस हा प्रश्न ठळकपणे समोर येतो. १७४१ च्या स्वारीपासून १८५४ पर्यंत छत्तीसगडचा संबंध नागपूरच्या भोसल्यांशी होता, आणि १९५६ पर्यंत नागपूर व रायपूर एकाच प्रांतात होते. त्या मुलखातील दुर्ग आणि भिलाई हा टापू तालवाद्यांनी समृद्ध आहे. मातीच्या खोडाचा मांदर, गुदुम, डफडा आणि त्यांच्या जोडीला मोहरी. सतनामी समाजाचे पंथी नृत्य मांदर आणि झांजेच्या साथीने चालते. देवदास बंजारे यांनी ते देशाबाहेरच्या रसिकांपर्यंत पोहोचवले. याच टापूत भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्याच्या आसऱ्याने भिलाईलगतच्या हथखोज येथे लोखंडाच्या कामांची मोठी उद्योगवसाहत वसली. रायपूरचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली निघाले आणि छत्तीसगडी लोकवाद्ये कोरड्या स्टुडिओच्या दारात आली.

हथखोजसारखे ठिकाण ध्वनिमुद्रकापुढे दोन टोके एकदम मांडते. एकीकडे पोलादी खांबांची, पत्र्याच्या छपराची शेड. सतरा सप्टेंबरला विश्वकर्म्याच्या पूजेसाठी यंत्रे थांबतात; अशा शेडमध्ये मांदर वाजला तर त्याची प्रत्येक थाप पत्र्यावरून आणि फरशीवरून परत येत राहील, आणि निनाद विरण्याआधी पुढचे आवर्तन सुरू होईल. येथे दूरचा मायक्रोफोन फारसा दूर नेता येत नाही. शेड स्वतःच त्याच्याकडे येते. दुसरीकडे गावाचा चौक. तेथे भिंती विरळ, छप्पर आकाशाचे. दहा मीटरवर ठेवलेल्या मायक्रोफोनला मांदर केवळ बारीक झालेला मिळतो, भरलेला नाही, कारण परतवणारे काही नाही. परतवते ती एक भुई. भुईलगत ठेवलेला मायक्रोफोन म्हणूनच अशा जागी अधिक भरीव आवाज देतो.

पण चौकात आणखी काही असते. पंथीचे नर्तक मांदरभोवती फेर धरतात. त्यांच्या पावलांचा धपका, घुंगरू, झांज आणि मुख्य गायकामागून उठणारा समूहाचा स्वर यांनी थापेला उत्तर मिळते. मांदर वाजवणारा त्या उत्तरावर पुढची थाप टाकतो. सभामंडपात भिंती जे काम करतात ते येथे माणसे करतात. ढोलावर एकच जवळचा मायक्रोफोन रोखून हा ताल घेतला तर बोल सारे मिळतील, मात्र ते ज्यांना उद्देशून होते ती माणसे मिळणार नाहीत. दुसरा मायक्रोफोन फेराच्या कडेला, बघ्यांच्या ओळीत, त्यांच्या कानांच्या उंचीवर ठेवला की हे दालन पकडात येते. आणि त्याला कॉम्प्रेसरचा जरासा आधार दिला की पावलांचे उत्तर थापेच्या मागोमाग स्पष्ट उमटते.

कर्ण्याने डग्ग्याचा घुमारा गमावला तेव्हा तो जाणीवपूर्वक गमावला नव्हता. यंत्राला तो पेलत नव्हता. आज कोणत्याही यंत्राला तो पेलतो. साध्या यंत्रातही दोन मुद्रणे शेजारी शेजारी राहू शकतात, आणि किती दालन मिसळावे हा निर्णय पन्नास वर्षांनंतरच्या ऐकणाऱ्यावर सोपवता येतो. परंतु जे मूळात मुद्रितच केले नाही ते कोणतेही यंत्र नंतर निर्माण करू शकत नाही. बनावट निनाद हवा तेवढा जोडता येतो, पण त्या दिवशीच्या त्या चौकातली माणसे जोडता येत नाहीत. गावोगावचे मांदर, संबळ, दिमडी आणि हलगी वाजवणारे हात उतारवयाकडे झुकले आहेत. त्यांच्यासमोर मायक्रोफोन मांडणाऱ्याने एक चामड्याजवळ ठेवावा आणि एक लोकांमध्ये ठेवावा. पहिला वाजवणाऱ्याची विद्या जपेल आणि दुसरा ती विद्या कोणासाठी होती हे सांगेल.